एक्केचाळिसावी ओळ

नव्या साहेबांनी एक्केचाळिसाव्या ओळीवर लाल रेघ ओढली आणि शेजारच्या रिकाम्या चौकटीत एकच शब्द टाइप केला. ‘का?’ खोलीतल्या मोठ्या पडद्यावर तो सगळ्यांना दिसला. मंगळवार होता, मीटिंग संपायला चार मिनिटं उरली होती, लोक वह्या मिटून खुर्च्या मागे सरकवायला लागले होते, आणि अठरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिच्याजवळ नव्हतं. उत्तर आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. घरात कात्री असतेच, पण हवी तेव्हा कुठे आहे ते सांगता येत नाही, तसं काहीसं झालं होतं. तिने घसा साफ केला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ओळ तशीच होती. ‘दहा मिनिटं थांबा.’

इस्पितळातल्या यंत्रणा एकमेकींशी सरळ बोलत नाहीत. रक्त तपासणारं यंत्र आकडे एका पद्धतीने देतं, वॉर्डातला संगणक ते दुसऱ्याच पद्धतीने मागतो, औषधभांडाराचं आणखी तिसरंच. या सगळ्यांच्या मधे बसून इकडची माहिती तिकडे नेणारं एक सॉफ्टवेअर होतं, आणि सहा-आठ महिन्यांनी ते अपग्रेड करायची वेळ आली की आख्ख्या इस्पितळाच्या पोटात गोळा येई. त्या कामाचं नियोजन तिच्याकडे. रविवारी सकाळी सहा ते दहा, वॉर्ड जरा शांत असताना, त्रेसष्ट पायऱ्यांची एक यादी वरपासून खालपर्यंत करत जायची. काय करायचं, कुणी करायचं, किती मिनिटं, आणि का. चार रकाने. ती यादी ती स्वतः मोठ्याने वाचायची, एकही ओळ गाळू द्यायची नाही, म्हणून ऑफिसने यादीला पोथी म्हणायला सुरुवात केली आणि तिला मास्तरीणबाई. दोन्ही नावं तिला मनातून आवडत. ‘का’च्या रकान्यात कुणी ‘नेहमीप्रमाणे’ असं लिहून आणलं की ती कागद परत करायची. नेहमी म्हणजे कधीपासून, असं विचारायची. भलेभले गार व्हायचे. आणि आता तिच्याच पोथीत चाळिसाव्या ओळीला माहितीचे सगळे प्रवाह बंद होत होते, बेचाळिसाव्या ओळीला सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सुरू होत होती, आणि मधल्या ओळीच्या ‘का’मध्ये काहीही नव्हतं.

“ही दहा मिनिटं कशासाठी, बाई?” साहेबांनी विचारलं. साहेब तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान होते आणि फार गोड बोलत. गोड बोलणाऱ्यांची तिला जास्त धास्ती वाटे.

“तिथे थांबायचं असतं.”

“ते दिसतंय. का थांबायचं?”

“कारण आहे.”

“कुठलं?”

“शुक्रवारी अकराला मंजुरी आहे ना? तेव्हा सांगते.”

“जरूर सांगा. नाहीतर ओळ काढून टाकू. आणि मग सगळीच पोथी एकदा नव्याने बघून घेऊ. सॉफ्टवेअर कंपनीची टीम त्यांची स्वतःची यादी घेऊन तयारच आहे.” साहेब हसले. “तुम्हालाही जरा आराम.”

आराम! तो शब्द ती जिना उतरताना, जेवणाच्या डब्यासमोर, संध्याकाळी बसच्या खांबाला धरून उभी असताना चघळत राहिली. पोथी काढून घेतल्यावर तिच्याजवळ काय उरणार होतं? हजेरी. चोपन्नाव्या वर्षी नुसती हजेरी. तिच्यासारख्या माणसांना असं हळूच बाजूला बसवलेलं तिने पाहिलं होतं, त्यांची टेबलं खिडकीपाशी जायची आणि कामं कमी व्हायची आणि सगळे त्यांच्याशी अचानक आदराने बोलायला लागायचे. त्यापेक्षा भांडण परवडलं. पण भांडायला कारण लागतं, आणि कारण तर सापडत नव्हतं. तिला स्वतःचाच इतका राग आला की घरी कुलूप उघडताना तिने किल्ली उलटी घातली आणि तशीच पिळत राहिली. आतून नवरा म्हणाला, दार तोडायचंय का उघडायचंय?

बुधवारी ती जुन्या आवृत्त्या उपसत बसली. पोथीच्या सगळ्या आवृत्त्या तिने जपून ठेवलेल्या होत्या, पहिलीपासून अकरावीपर्यंत. अकरावीत ओळ होती. नववीत होती. चौथीत, तिसरीत, दुसरीत होती. पहिलीत नव्हती. पहिली आवृत्ती पाच वर्षांपूर्वीच्या एका शनिवारची, दुसरी त्यानंतरच्या सोमवारची. मधे फक्त एक रविवार. त्या रविवारच्या प्रत्यक्ष वेळांचा तक्ताही तिने काढला. चाळिसावी पायरी संपली आठ वाजून बावन्न मिनिटांनी, पुढची सुरू झाली नऊ वाजून दोन मिनिटांनी. म्हणजे त्या दिवशी खरोखरच दहा मिनिटं थांबले होते सगळे. आणि सोमवारी ओळ घालणाऱ्याचं नाव होतं तिथे. तिचंच. तिने तो पडदा कितीतरी वेळ बघितला. आपलं नाव परक्या माणसाचं असल्यासारखं वाचता येतं, हे तिला त्या दुपारी कळलं. काय झालं होतं त्या रविवारी? रांगेत संदेश अडकले होते का? काहीतरी गरम झालं होतं का? सकाळी आठ-बावन्नला आपण कुठे उभ्या होतो, अंगावर काय होतं, कुणाचा चेहरा समोर होता? काही म्हणजे काही नाही. त्या जागी नुसता पांढरा कागद.

मग तिने चाचणीच्या यंत्रणेवर न थांबता करून पाहिलं. चाळीस, लगेच बेचाळीस. सगळं सुरळीत चाललं. पुन्हा केलं. पुन्हा सुरळीत. तिला बरं वाटायला हवं होतं, पण ती चिडली. ज्या यंत्रणेचे वर्षानुवर्षं लाड केले, जिच्यासाठी रविवार घालवले, ती ऐन वेळी साथ द्यायला तयार नव्हती. एकदा तरी बिघडायचं होतंस, ती पुटपुटली.

डेटाबेस सांभाळणाऱ्याला सगळे तिजोरी म्हणत, कारण त्याच्याकडून काही मागून मिळत नसे. ती त्याच्या टेबलाशी गेली.

“एक्केचाळिसाव्या ओळीला तुम्ही काय करता?”

“थांबतो.”

“का थांबता?”

“तुम्ही म्हणता ‘थांबा’ म्हणून.” तिजोरीने खांदे उडवले. “खरं सांगू का, बाई? मी त्या वेळात उठून पाठ सरळ करून घेतो. तीन तास बसून कंबर धरते. तेवढी दहा मिनिटं काढू नका बुवा.”

सगळे असेच. तिने म्हटलं म्हणून थांबत होते, पाच वर्षं, आठ अपग्रेड, वरिष्ठ डॉक्टर फोनवर ताटकळत असताना, आणि कुणीही एकदासुद्धा ‘का’ विचारलं नव्हतं. मास्तरीण म्हणवून घेण्याचं फळ. फक्त तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ, जिला ती लॅबवाली म्हणायची, ती वेगळं बोलली. म्हणाली, “त्या वेळात माझं यंत्र काही पाठवत नाही ना, मग मी सकाळच्या नळ्या यादीशी परत ताडून बघते. दोन वर्षांपूर्वी दोन नळ्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झालेली तेव्हाच सापडली होती. नाहीतर एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं असतं.”

“किती वेळ लागतो?”

“चार मिनिटं. फार तर पाच.”

ती तिथेच स्टुलावर बसली. कारण मिळालं होतं. इतकं चोख की नवे साहेब त्यावर चकार शब्द काढू शकले नसते. पण ते कारण नंतर येऊन चिकटलेलं होतं, मुळात नव्हतं, आणि ती बसल्या बसल्या स्वतःवर करवादली की मिळालंय ते घे ना मुकाट्याने, मूळ कशाला खणतेस. खणायची सवय तिला लहानपणापासून होती. तिचे वडील छापखान्यात फोरमन. तिथे यंत्र चालू असताना कुणी कुणाला हाक मारायची नाही, कुणाचा निरोप आत न्यायचा नाही. भावाचा हात मोडला तेव्हा आईने शेजारच्यांना पाठवून निरोप दिला, तर वडील पाळी संपवूनच घरी आले. “मोडलेला हात सहा वाजताही मोडलेलाच असणार होता,” असं शांतपणे म्हणाले आणि मग त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यात धावले. आई आठ दिवस बोलली नाही त्यांच्याशी. त्या माणसाला शेवटी अर्धांगाचा झटका आला आणि जीभ गेली. सगळं समजायचं, बोलता यायचं नाही. भावाकडे होते ते, दुसऱ्या गावात. त्या आजारपणात त्यांचा तिला एकच फोन आला होता. तो फोन तिला पाठ होता. नुसता श्वास, आणि मग घशातून ओढून काढलेला एक आवाज, पुन्हा श्वास, पुन्हा तोच आवाज. ती म्हणत राहिली होती, हो बाबा. हो. कळलं. कळलं मला. आणि कळलं काहीच नव्हतं. पोथी वाचताना ती कुणाला नुसतं ‘कळलं’ म्हणू देत नसे, ओळ परत म्हणून दाखवायला लावायची. बापाला मात्र तिने सरळ फसवलं. त्यानंतर सात महिन्यांनी ते गेले आणि काय मागत होते ते घेऊन गेले. तिने कितीतरी तर्क केले होते. तुझ्याकडे ने म्हणत असतील. भावाकडे नीट बघत नाहीत म्हणत असतील. या दुसऱ्या तर्कापायी ती भावाशी दोन वर्षं तुटकपणे वागली होती. घराच्या गॅलरीत, कठड्याला धरून तिने तो फोन घेतला होता. फोन संपल्यावर तळहाताला हिरवा रंग लागलेला होता, तोही तिला आठवत होता.

गुरुवारी चार वाजता लिफ्ट बंद पडली. मागच्या जिन्याने उतरायला लागली तर जिन्याचं रंगकाम चाललेलं. वरच्या मजल्यावरचा रंगारी ओरडला, “बाई, हात लावू नका, ओला आहे!” तोवर कठड्याला हात लागला होता. तिने तळवा उलटा करून पाहिला. हिरवा. ती जिथे होती तिथेच पायरीवर थांबली, आणि रंगाच्या त्या उग्र वासाबरोबर सगळं एकदम आलं. तिच्या घराच्या गॅलरीचा कठडा पांढरा होता. कायमच पांढरा. फोन तिने गॅलरीत घेतलाच नव्हता. इथे घेतला होता, या जिन्यात, याच रंगाचा, तेव्हाही ओला असलेला कठडा घट्ट धरून. रविवारी सकाळी चाळिसावी ओळ वाचून झाली होती, सगळे प्रवाह बंद झाले होते, वॉर्डात अहवाल जायचे थांबले होते, आणि टेबलावरचा फोन थरथरला होता. भावाचं नाव दिसलं म्हणून ती ‘एक मिनिट’ म्हणून बाहेर आली होती. परत गेली तेव्हा सगळे हात मांडीवर ठेवून तिची वाट बघत होते. कुणी काही विचारलं नाही. तिने बेचाळिसावी ओळ वाचली, म्हणजे तेव्हाची एक्केचाळिसावी. आणि सोमवारी तपासणीसाठी योजलेल्या वेळा आणि प्रत्यक्ष वेळा जुळवायला बसली, तर मधे दहा मिनिटांचं भोक. ते बुजवायला तिने एक ओळ लिहिली. ‘का’ रिकामा सोडला, कारण खोटं लिहायला हात वळेना आणि खरं लिहिणं शक्य नव्हतं. मग विसरली. विसरली कसली, आठवणीत तो फोन उचलून घरी नेऊन ठेवला, गॅलरीत, जिथे रविवारी सकाळी चांगल्या मुलीने असायला हवं होतं.

रंगारी रॉकेलमध्ये बुडवलेली चिंधी घेऊन खाली आला. तिने हात पुसला. हसू यायला लागलं आणि थांबेना. आठ अपग्रेड! आख्खं इस्पितळ श्वास रोखून दहा मिनिटं उभं राहत होतं, आणि कशासाठी, तर बापाने काय मागितलं ते लेकीला कळलं नाही म्हणून. आणि त्याच क्षणी तिला ती ओळ हवीशी झाली, कधी नव्हे इतकी. आता ती कुणाच्या बापाला खोडू देणार नव्हती. वडिलांच्या नावाने तिने दुसरं काय केलं होतं? फोटोसुद्धा भावाकडे होता. एवढी दहा मिनिटं होती, तीही हा गोड बोलणारा माणूस एका लाल रेघेत पुसून टाकणार?

शुक्रवारी अकरा वाजता तिने लॅबवालीचं कारण सांगितलं. अदलाबदल झालेल्या चिठ्ठ्या, कुणाचं रक्त कुणाच्या नावावर, सगळं. साहेबांनी लाल रेघ काढली आणि ‘का’मध्ये स्वतः टाइप केलं, ‘नळ्यांची फेरतपासणी.’

“हे आधीच लिहायला हवं होतं ना, बाई,” ते म्हणाले. “दहा मिनिटं पूर्ण लागतात?”

“दहा लागतात,” ती म्हणाली. आवाज अजिबात हलला नाही. पाच वर्षांत पोथीत घातलेलं पहिलं खोटं, आणि ते इतकं सहज गेलं की तिला स्वतःची किळस आली. मंजुरी झाली, पोथी गोठवली गेली. आता रविवारपर्यंत त्यातला स्वल्पविरामही कुणाला हलवता येणार नव्हता. पोथी तिच्याकडेच राहिली. बाहेर तिजोरीने तिला हळूच ‘कंबर वाचवलीत’ असं म्हटलं. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. दिवसभर दाताखाली खडा आल्यासारखं वाटत राहिलं.

शनिवारी दुपारी न राहवून तिने भावाला फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, “दादा, बाबांनी आजारपणात एकदा मला फोन केला होता बघ. रविवारी सकाळी.”

“आठवतं तर! मी अंघोळीला गेलो होतो. बाहेर येऊन बघतो, तर म्हातारबुवा माझा फोन कानाला लावून बसलेले, लालेलाल झालेले.”

“काय मागत होते ते? तुला काही कळलं होतं?”

“मागत? काही मागत नव्हते गं. चुकून लागला होता फोन. तुझं नाव वरच होतं, बोट पडलं. मग ठेवायचा कसा ते कळेना त्यांना. फोन काढून घेतल्यावर भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवायचे, मग कानाकडे, मग हात असा खाली आपटायचे, पुन्हा पुन्हा. मला अर्धा तास लागला उलगडायला. रविवारी सकाळी तुझं ते महत्त्वाचं काम असतं, हे मीच त्यांना आदल्या दिवशी सांगितलं होतं. पोरगी कामाच्या वेळी फोन ठेवत का नाही, म्हणून भडकले होते.” भाऊ हसायला लागला. “दिवसभर फुरंगटून बसले. तू तरी ठेवायचास की!”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू ‘कळलं, कळलं’ म्हणत होतीस ना त्यांना. मी फोन घेतला तेव्हा ऐकू आलं मला. म्हटलं, कळलं असेल.”

तिने फोन ठेवला आणि पलंगावर बसून राहिली. रडू येईल असं वाटलं होतं. आला तो संताप, डोळ्यांत पाणी आणणारा संताप, भावावर, स्वतःवर, त्या हट्टी फोरमनवर. पाच वर्षं! पाच वर्षं ती त्या आवाजाचा अर्थ लावत होती, त्याच्यापायी सख्ख्या भावाला दूर केलं होतं, आणि तो आवाज तिला फक्त कामाला जा म्हणत होता. आणि तिने काय केलं, तर त्यांना ज्या दहा मिनिटांचा राग आला, नेमकी तीच दहा मिनिटं वर्षानुवर्षं जपून ठेवली, काल त्यांच्यासाठी खोटंही बोलली.

रविवारी आठ-एकोणपन्नासला तिने चाळिसावी ओळ वाचली. तिजोरीने प्रवाह बंद केले आणि परत म्हणून दाखवलं, “प्रवाह बंद, एकशे अठरा पैकी एकशे अठरा.” साहेब घरून फोनवर होते, फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा सोडलेला. तिने एक्केचाळिसावी वाचली. तिजोरी उठून कमरेवर हात ठेवून मागे वाकला. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. वर कुठल्यातरी वॉर्डात कुणीतरी एका अहवालाची वाट बघत असणार. चौथ्या मिनिटाला लॅबवालीचा तळमजल्यावरून फोनवर आवाज आला, “तपासल्या, बाई. सगळ्या बरोबर.” सहा मिनिटं उरली होती. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सेकंदकाटा एक फेरी पुरी करेपर्यंत तिला ते सहन झालं, पुढे झालं नाही.

“बेचाळीस,” ती म्हणाली. “नवी आवृत्ती सुरू करा.”

तिजोरी वाकलेलाच थांबला. “बाई, अजून पाच मिनिटं आहेत.”

“काय झालं?” साहेबांचा आवाज आला. “मंजूर पोथी आहे. मधेच का बदलताय? शुक्रवारी तुम्हीच म्हणालात दहा लागतात.”

“खोटं बोलले, साहेब. लॅबला चार लागतात. बाकीच्या सहाला काही कारण नाही, कधीच नव्हतं. मी चाचणीवर दोनदा न थांबता करून पाहिलंय, चालतं. त्या दिवशी माझ्या वडिलांचा फोन आला होता, म्हणून सगळे थांबले होते. चुकून लागलेला. त्यांनाही तो ठेवायचाच होता.”

उद्या काय होणार ते तिला स्पष्ट दिसत होतं, खिडकीजवळचं टेबलसुद्धा. तिने पोथीवर प्रत्यक्ष वेळ लिहिली, आठ चोपन्न, आणि तिजोरीकडे पाहिलं. तो खुर्चीत बसला आणि त्याने बटण दाबलं.

“नवी आवृत्ती सुरू,” तो म्हणाला. “त्रेचाळीस वाचा, बाई.”